खमीसबाबाचं टाकं

रास अल खैमाच्या मागच्या डोंगरात दगडाची खाण होती आणि त्या खाणीत दगडू धोत्रे ड्रिल चालवायचा. मोहोळकडचा वडार. वय चव्वेचाळीस, छाती दाराएवढी, राग नाकाच्या शेंड्यावर. कॅम्पातल्या मेसमध्ये डाळ पातळ झाली की हा ताट घेऊन सरळ आचाऱ्यासमोर उभा राहायचा. "डाळ पोहायला गेली का बुडून मेली रे?" बाकीचे खाली मान घालून जेवायचे आणि मनात म्हणायचे, बरं झालं कुणीतरी बोललं.

आखातात येऊन त्याला आठ वर्षं झाली होती. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, बायको ठकुबाई मोहोळात, आणि स्वतःचा म्हणून एक शुक्रवार. शुक्रवारी कॅम्पातली माणसं कपडे धुवायची, ताणून द्यायची, नाहीतर दीडशे जणांत मिळून एक असलेल्या टीव्हीसमोर बसायची. दगडू डोंगर चढायचा. सहा दिवस ज्याला भोकं पाडायची, सातव्या दिवशी त्याच्या डोक्यावर जाऊन बसल्याशिवाय त्याचा जीव थाऱ्यावर येत नसे.

तिथेच त्याला खमीस भेटला. डोंगरातलाच म्हातारा, शिही जमातीचा. कमरेला खंजीर, हातात छोट्या पात्याची कुऱ्हाड, पुढे वीसेक शेळ्या. चार हजार फुटांवर त्याचं दगडी घर होतं. अर्धं जमिनीत पुरलेलं, दार इतकं बुटकं की माणसाने रांगतच आत जावं. आत माणसाएवढे मातीचे रांजण, धान्याचे. उन्हाळ्यात म्हातारा-म्हातारी खाली किनाऱ्याला जायची तेव्हा त्या घराला भलंमोठं कुलूप लागायचं. घराशेजारी दोन-तीन पायऱ्यांची शेतं, गहू पिकेल एवढी. आणि शेताच्या वर एक टाकं. खडकात खोदलेलं, वरून फरश्या टाकून झाकलेलं, माणूस वाकून कसाबसा आत उतरेल एवढंच तोंड. डोंगरावर वर्षातून चार-दोनदा पाऊस पडायचा. त्यातलं जे टाक्यात उतरेल त्यावर माणसं, शेळ्या, सगळं.

ते टाकं गळत होतं.

"पानी जाता है," खमीस म्हणाला. "किधर जाता, मालूम नहीं."

दगडू टाक्यात उतरला आणि हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवत फिरला. एके ठिकाणी आवाज बदलला. तिथे कान लावून त्याने बोट ठेवलं. "इधर जाता है, बाबा."

पुढचे सहा शुक्रवार त्याने त्या टाक्यात काढले. चुना, विटांचा भुगा, शेळीचे केस, सगळं आपल्या बापाच्या पद्धतीने मळून भेगा भरल्या. नुसत्या भेगा भरून थांबला नाही. टाक्याच्या तोंडाभोवती मोठा सपाट खडक होता, त्यावर त्याने चुन्याचा गुळगुळीत थर दिला आणि चहूबाजूंनी टाक्याच्या तोंडाकडे उतार काढला. पडलेल्या पावसाचा थेंबसुद्धा बाहेर जाता कामा नये. काम संपलं तेव्हा खमीसने खडकावर तांब्याभर पाणी ओतलं, ते धावत जाऊन टाक्यात पडताना पाहिलं, आणि कमरेची लांबलचक लोखंडी किल्ली काढून दगडूच्या हातात ठेवली. "मेरे पास दूसरा है. तुम आओ, सोओ, जाओ. पानी संभालो."

वडाराच्या हातात किल्ली! त्याच्या बापाने आयुष्यात सतरा विहिरी खोदल्या. पाणी लागलं की गाव जमायचं, नारळ फुटायचे, पाटलाला हार पडायचा. दुसऱ्या दिवसापासून दगडूच्या आईने त्याच विहिरीवर घागर बाजूला ठेवून उभं राहायचं, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. आणि वडारांची पालं गावाबाहेर पडली की लोक आपली भांडीकुंडी मोजून आत घ्यायचे. त्या बापाच्या पोराला परमुलखातल्या, परधर्माच्या म्हाताऱ्याने घर आणि पाणी दोन्ही सोपवलं होतं. ती किल्ली दगडू गळ्यात घालायचा. ड्रिल चालवतानासुद्धा.

नव्व्याण्णव साली पाडवा गुरुवारी आला. पंधरा दिवस आधी कॅम्पाच्या गेटवर परेशची गाडी थांबली. परेश रस्त्याच्या कामावर इंजिनीयर होता, खाणीत खडी घ्यायला यायचा, त्यामुळे ओळख. दुबईत अल मनखूलला राहायचा.

"दगडू, भाऊ, एक काम होतं. आमच्या मराठी मंडळाने ठरवलंय, या वर्षी गुढी डोंगराच्या माथ्यावर उभारायची. सूर्योदयाला! कुणी केलेलं नाही अजून. पण वाट फक्त तुला ठाऊक. आणि आदल्या दिवशी वर मुक्काम करायला ते दगडी घर..."

दगडूला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या लोकांना गरज पडली, आपलं नाव त्यांच्यापर्यंत गेलं, याचं त्याला बरं वाटलं. त्याने मुनीर फोरमनच्या हातापाया पडून बुधवारचा अर्धा दिवस आणि गुरुवार सुट्टी काढली. खमीसला विचारलं. खमीस म्हणाला, "तुम्हारा आदमी है तो आने दो. पानी नहीं. कटाई के आदमी का पानी है वो." त्या साली पाऊस नावाला झाला होता, टाक्यात जेमतेम गुडघाभर. महिनाभरात गहू कापायला खमीसचे भाऊबंद वर येणार, त्यांना प्यायला तेवढंच.

दगडूने परेशला उभं करून सांगितलं. "परेशसाहेब, पानी ज्यानं त्यानं पाठीवर आनायचं. मानशी आठ लिटर. टाक्याला हात लावायचा न्हाई. कबूल असंल तर या."

"अरे डन! काही टेन्शन घेऊ नको."

बुधवारी दुपारी पाच जण आले. परेश, मंडळाचा सेक्रेटरी धनंजय, पुण्याचा, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, त्याची बायको प्रज्ञा, आणि बँकेत काम करणारी दोन तरुण पोरं. सगळ्यांचे बूट नवेकोरे. धनंजयने गाडीतून उतरल्या उतरल्या दगडूच्या खांद्यावर हात टाकला.

"काय दगडू! तू म्हणे इथला शेर्पा?" वय पस्तिशीचं, पण पहिल्याच वाक्यात अरेतुरे. "हे घे, हा बांबू तू धर. अजमानच्या होडीवाल्याकडून आणलाय, मजबूत आहे. आणि ही पिशवी. तांब्या आहे आत, जपून."

दगडूने बांबू घेतला, पिशवी घेतली. मग त्याने पाहिलं की पाच जणांत मिळून पाण्याचे कॅन फक्त दोन.

"पानी एवढंच?"

"वर बघू रे," परेश घाईने म्हणाला. "चल, यल्ला, उशीर होतोय."

दगडूने तेव्हाच परत फिरायला हवं होतं. त्याने स्वतःच्या पाठीवर आणखी एक कॅन चढवला आणि चालू लागला. आपल्या लोकांपुढे पहिल्याच पावलाला कटकट नको, एवढाच विचार. रागीट माणसाने नेमका जिथे रागवायचं तिथेच राग गिळला.

चढायला चार तास लागायचे, साडेसहा लागले. वाटभर धनंजय सह्याद्रीच्या गोष्टी सांगत होता. कुठला किल्ला किती वेळा केला, कुठल्या सुळक्याला दोर लावला. "आणि एकदा बाहेरगावची पोरं गडावरच्या टाक्यात पाय सोडून बसली होती. मी असं झापलं एकेकाला! पिण्याचं पाणी आहे ते, म्हटलं, अक्कल आहे का?" दगडूने ते ऐकलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. चला, माणूस जाणता आहे.

घराशी पोचले तेव्हा दिवस मावळला होता. खमीस म्हातारी आणि शेळ्या घेऊन शुक्रवारपर्यंत खाली गेला होता, दगडूने गळ्यातल्या किल्लीने कुलूप काढलं. वारा असा की बोलताना तोंडातला शब्द उडून जावा. एकेक जण रांगत आत गेला. दगडूने चूल पेटवली, खिचडी टाकली, सगळ्यांना वाढली. प्रज्ञा उठून त्याला मदत करू लागली तर धनंजय म्हणाला, "बस गं, त्याला सवय आहे."

"दगडूदादा, तुम्ही पण बसा आता," ती म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा कुणी दादा म्हटलं.

"दगडू, तुम्ही वडार ना?" धनंजयने रांजणाला पाठ टेकली. "म्हणजे दगडाचे डॉक्टर! नाव पण काय शोभतंय. आईबापांनी बघूनच ठेवलं वाटतं."

पोरं हसली. दगडू म्हणाला, "माज्या आधीची चार मेली. पाचवा जगावा म्हनून दगड म्हनाले."

परेशने विषय बदलला.

पहाटे सगळे झोपलेले असतानाच दगडू उठला. वरच्या वाटेवर गेल्या महिन्यात दरड आली होती. सूर्योदयाच्या आत या मंडळींना माथ्यावर न्यायचं तर वाट मोकळी आहे का हे आधी बघायला हवं. तासाभरात तो परत फिरला. वाट मोकळी होती, हवा स्वच्छ होती, पूर्वेला उजाडायला लागलं होतं. शिट्टी वाजवत तो शेताच्या बांधावरून खाली उतरला आणि त्याला वास आला.

उटण्याचा वास. दिवाळीसारखा, पाडव्यासारखा, घरचा.

टाक्याची फरशी बाजूला सारलेली होती. खमीसची रबरी बादली दोरासकट बाहेर. शेजारी चूल मांडून पातेल्यात पाणी तापत होतं. आणि दगडूने स्वतःच्या हाताने गुळगुळीत केलेल्या त्या खडकावर धनंजय चड्डीवर बसून, अंगभर तेल चोपडून, साबण लावून डोक्यावर तांबे ओतून घेत होता. दोन्ही पोरांच्या आंघोळी उरकल्या होत्या. परेश टॉवेल गुंडाळून पाळीची वाट बघत उभा होता. उतार चोख होता. वडाराचं काम ते! तेलाचा, साबणाचा, उटण्याचा प्रत्येक थेंब तुरुतुरु धावत जाऊन टाक्यात पडत होता.

त्यांना ती मोरी वाटली होती.

"आलास? ये ये!" धनंजय डोळ्यांतला साबण पुसत म्हणाला. "वर्षाचा पाडवा, आंघोळीशिवाय गुढीला हात कसा लावणार? उटणं घे तू पण, लाव थोडं. तुझाही सण आहे!"

"उतर," दगडू म्हणाला.

"काय?"

"त्या खडकावरनं उतर आधी! उतर म्हनतो ना!"

धनंजय हसायच्याच बेतात होता, पण दगडूने त्याचा दंड धरला आणि तेलकट हात सुटला तशी बगलेत हात घालून त्याला लहान पोरासारखा उचलून मातीत ठेवला. एका लाथेत चूल विझली. दगडू टाक्याच्या तोंडाशी पालथा पडला आणि आत बघत राहिला. खाली काळ्या पाण्यावर पांढरा फेस, फेसाभोवती तेलाचे रंगीत डोळे.

"अरे, वेड लागलं का याला?" धनंजय ओरडला. "अंगावर हात टाकतो? कोण समजतोस कोण तू स्वतःला?"

"काल सांगत व्हता न्हवं? टाक्यात पाय सोडनाऱ्यांना झापलं म्हनून? ते तुमच्या गडाचं पानी. ह्ये अरबाचं पानी, शेळीवाल्याचं पानी, म्हनून ह्यात साबन चालतो? कापनीची मानसं काय पिनार आता? तुमचं उटनं?"

"मला काय स्वप्न पडलं होतं का, आत जातंय म्हणून? काळोखात दिसतं का? आणि परेश म्हणाला, वर पाण्याची सोय आहे!"

सगळे परेशकडे बघायला लागले. टॉवेलात तो आणखीच बारीक दिसत होता.

"परेश, यांनी तुला काही सांगितलं होतं?" घरातून बाहेर आलेल्या प्रज्ञाने विचारलं.

"सांगितलं होतं... म्हणजे, आठ-आठ लिटर वाहायचे म्हटलं असतं तर कोणी आलंच नसतं ना. मला वाटलं, दोन-चार बादल्यांनी काय होतं?"

"तोंड उघडून सांगितलं व्हतं," दगडू म्हणाला. "गेटवर. उभ्यानं."

धनंजयने शर्ट चढवला. कपडे अंगावर आले तसा आवाजही आला. "ठीक आहे. चूक झाली, खलास. किती भरपाई? शंभर दिऱ्हम? अकराशे रुपये होतात. दोनशे घे. पण हात लावलास ते मी विसरणार नाही. तुझ्या कंपनीचा मॅनेजर माझा क्लायंट आहे. एक फोन, आणि व्हिसा कॅन्सल. आठ दिवसांत मोहोळला खडी फोडत बसशील."

"कर फोन. कापनीच्या आदल्या दिवशी त्या दोनशेच्या नोटा पिळून बघ, वाटीभर पानी निघतं का."

"बरं, ते नंतर. आता वर चल, सूर्य येईल."

"कुनी वर जायचं न्हाई. मी वाट दाखवनार न्हाई. खाली उतरा, जेवढं नासलं तेवढं पानी भरा आन पाठीवर घिऊन या. मग गुढी."

धनंजयने दगडूवाचून जाऊन पाहिलं. पोरांना घेऊन पाऊण तास कुठेतरी कड्यांत भटकला आणि खरचटलेले गुडघे घेऊन परत आला. सूर्य वर आला होता. मग त्याने ती गुढी खमीसच्या घराच्या छपरावरच उभी केली. बांबू, जरीची साडी, मनखूलच्या फुटपाथवरच्या झाडाचा कडुनिंब, गाठी, तांब्या. पोरगा फोटो काढायला खाली आडवा झाला. माथा काय आणि छप्पर काय, खालून काढलं की फोटोत नुसतं आकाशच येतं.

प्रज्ञा तिकडे गेली नाही. ती टाक्याशी बसून बादलीने वरचा फेस काढत होती.

"ताई, सोडा. तेल निघंल, साबन निघायचा न्हाई."

"मग काय करायचं, दगडूदादा?"

"काय न्हाई. बाबा यील, त्याला तोंड दाखवायचं."

नऊ वाजता ते सगळे उतरले. वाट उतरायची असल्याने सापडली. गुढी खाली नेली, भरलेल्या कॅनमधलं उरलेलं पाणीही. परेश जाताना काहीतरी बोलायला थांबला. दगडूने त्याच्याकडे पाठ केली.

खमीस शुक्रवारी सकाळी आला. दगडू पळून जाऊ शकला असता. किल्ली दगडाखाली ठेवून उतरला असता, पुन्हा डोंगराकडे बघितलं नसतं, तर म्हाताऱ्याने त्याला कुठे शोधलं असतं? तो उंबऱ्यावर बसून राहिला. खमीसने ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं, जिभेवर टेकवलं आणि थुंकलं.

"किसने किया?"

"मैंने लाया उनको," दगडू म्हणाला.

"मैं पूछता, किसने किया?"

"मेरा आदमी, बाबा. मैंने लाया."

खमीसने हात पुढे केला. दगडूने गळ्यातून किल्ली काढून दिली. म्हातारा चिडला असता, कुऱ्हाड उगारली असती, तर सोपं झालं असतं. त्याने नुसती किल्ली कमरेला लावली, अंगरखा काढून ठेवला आणि बादलीचा दोर उचलला. दगडू आत उतरला. दिवसभर तो खालून भरत होता, म्हातारा वरून ओढत होता. गुडघाभर पाणी होतं ते खडकांवर ओतून वाळवलं. मग तळ, भिंती, पायऱ्या, आणि शेवटी तो वरचा खडक, सगळं रेतीने घासलं. स्वतः घातलेला चुना स्वतःच खरवडताना दगडूच्या तोंडात ज्या शिव्या येत होत्या त्या टाक्यात घुमून दुप्पट होऊन त्याच्याच कानावर येत होत्या.

त्यानंतर ड्यूटीनंतर उजेड असेपर्यंत तो अर्ध्या वाटेपर्यंत कॅन नेऊन ठेवायचा, तिथून खमीसचं गाढव वर न्यायचं. कॅम्पातली चार माणसं न सांगता येऊ लागली. मॅनेजरचा फोन कधी येतो म्हणून दगडूने बॅग भरून कॉटखाली ठेवली होती. फोन आला नाही.

परेश आला. पुढच्या शुक्रवारी सकाळी, दगडू गेटसमोर नळावर कॅन भरत असताना. हातात छापील कार्ड.

"दगडू, भाऊ, एक चांगली बातमी आहे. पुढच्या आठवड्यात मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम. तुझा सत्कार ठरलाय! शाल, श्रीफळ, मानपत्र. 'डोंगराचा मित्र' म्हणून."

दगडूने नळ बंद केला. "हे कुनाच्या डोक्यातनं आलं?"

"कमिटीच्या... प्रज्ञावहिनींनी मीटिंगमध्ये सगळं सांगितलं ना. तो फोटो छपरावरचा आहे ते पण. लोक चिडले. धनंजय म्हणाला, दगडूचाच सत्कार करू, म्हणजे विषय संपला. तू फक्त स्टेजवर ये, हात जोड, बस. दोन मिनिटांचं काम."

"म्हंजे शाल माज्या अंगावर आन पांघरून तुमच्यावर."

"तसं नाही रे..."

"'रे' न्हाई. तुज्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा हाय मी. दादा म्हन."

परेश हळूच म्हणाला, "दगडूदादा. चुकलो मी."

"मला नगं सांगू. ज्याचं पानी गेलं त्याला सांग. वर हाय तो. सोमवारी कापनी हाय त्याची." दगडूने नळाखालचे दोन भरलेले कॅन उचलले आणि परेशच्या चकचकीत बुटांसमोर आपटले. "दहा-दहा लिटरचे. उचल."

"आत्ता? अरे... दगडूदादा, मला दुपारी ऑफिसच्या..."

"उचल."

परेशने गाडीकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. आजूबाजूला कॅम्पातली चार माणसं आपापले कॅन खांद्यावर घेऊन उभी होती. कार्ड खिशात घालून तो वाकला आणि एक कॅन उचलला.

"दोन," दगडू म्हणाला.